विषाणू शिरतो कुठून आणि बाहेर पडतो कुठून

फ्लूच्या विषाणूला शिंकता येत नाही. शिंकतो आपण. विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, स्वतःहून जागचा हलतही नाही. एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जायचं तर त्याला आपली शिंक लागते, खोकला लागतो, जुलाब, रक्त, लाळ, नाहीतर एखादा डास. म्हणून कुठल्याही साथीच्या रोगाबद्दल ऐकलं की मला आधी दोन गोष्टी जाणून घ्याव्याशा वाटतात: हा विषाणू शरीरातल्या कोणत्या पेशींत वाढतो, आणि तिथून बाहेर कसा पडतो? ही दोन उत्तरं हाती आली की रोग किती पसरेल, कशाने अडेल, मास्क उपयोगी पडेल की साबण की मच्छरदाणी, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

मुळात ही चीज आहे तरी काय? थोडीशी जनुकीय माहिती, म्हणजे डीएनएचा किंवा आरएनएचा धागा, आणि त्याभोवती प्रथिनांचं कवच. काही विषाणूंना या कवचावर मेदाचं एक पातळ आवरण असतं. बस, एवढंच. ऊर्जा तयार करायची, प्रथिनं बनवायची यंत्रणा प्रत्येक पेशीत असते, विषाणूत ती नसते. आकार तर अगदीच क्षुल्लक. पोलिओचा विषाणू जेमतेम 30 नॅनोमीटरचा, फ्लूचा आणि करोनाचा साधारण 100 नॅनोमीटरचा. फ्लूचे दहा हजार विषाणू एकापुढे एक मांडले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. जनुकीय मजकूरही तोकडा असतो. माणसाच्या डीएनएत सुमारे 3 अब्ज अक्षरं आहेत, करोनाच्या आरएनएत सुमारे 30 हजार, फ्लूत साडेतेरा हजार आणि एचआयव्हीत तर दहा हजारही नाहीत.

इतक्या लहान गोष्टीचा पत्ता लागला तो तंबाखूच्या पानांमुळे. या पानांवर चट्टे पाडणारा एक रोग होता. 1892 साली दिमित्री इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. या गाळणीत जीवाणू अडकून पडतात, त्यामुळे खाली उतरलेला रस निर्धोक असायला हवा होता. पण तो निरोगी झाडाला लावला तर झाड आजारी पडायचं. सहा वर्षांनी मार्टिनस बायरिंक या डच शास्त्रज्ञानं तोच प्रयोग पुढे नेला. हे काही साधं विष नव्हे, झाडागणिक ते वाढतंय, आणि वाढतं ते फक्त जिवंत, वाढत्या पेशींत, हे त्यानं ओळखलं. 1935 साली वेंडेल स्टॅन्लीनं याच विषाणूचे चक्क स्फटिक तयार केले. मीठ-साखरेसारखे स्फटिक बनतात, तरी पानावर सोडले की रोग होतो. विषाणू सजीव की निर्जीव, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला त्यात फारसा रस नाही. पेशीबाहेर तो एक कण असतो आणि पेशीत शिरला की कामाला लागतो, एवढं पुढच्या गोष्टीसाठी पुरे.

आता पेशीत शिरायचं कसं? पेशीभोवतीचं पटल कोणालाही सहज आत घेत नाही. पण पेशीला बाहेरच्या जगाशी व्यवहार करावा लागतो, त्यासाठी तिच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिनं आणि शर्करा असतात. त्यातली काही हॉर्मोनचा निरोप घेतात, काही शेजारच्या पेशीला धरून ठेवतात. विषाणूच्या अंगावरची प्रथिनं यातल्याच एखाद्या रेणूला चिकटतात. अशा रेणूला रिसेप्टर म्हणतात. कोविडच्या विषाणूला एसीई-2 नावाचा रिसेप्टर लागतो. खरं तर तो रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी असतो. एचआयव्हीला सीडी-4 लागतो आणि सोबत बहुधा सीसीआर-5 नावाचा दुसरा. रिसेप्टर नसेल तर विषाणू पेशीवर कितीही वेळा आदळो, आत जाता येत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण शंभरात एकाला दोन्ही पालकांकडून सीसीआर-5 चं बिघडलेलं जनुक मिळालेलं असतं. त्यांच्या पेशींवर हा रिसेप्टर नसतोच, आणि एचआयव्हीच्या नेहमीच्या प्रकारांची लागण त्यांना सहसा होत नाही. एखादा रोग माणसाला होतो पण कुत्र्याला नाही, यकृताला धरतो पण फुप्फुसाला नाही, यामागे पुष्कळदा रिसेप्टरचाच हिशोब असतो.

आत शिरण्याचा प्रकार जवळून पाहायचा तर फ्लूसारखं उदाहरण नाही. फ्लूच्या विषाणूवर दोन प्रकारचे काटे असतात: हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज. एच1एन1, एच5एन1 या नावांतले एच आणि एन हेच. आपल्या श्वासनलिकेच्या पेशींवर सायॅलिक आम्ल नावाच्या शर्करा असतात, एच काटा त्यांना धरतो. पेशीला वाटतं काहीतरी कामाची वस्तू आली आहे, आणि ती नेहमीच्या पद्धतीनं पटल आत वळवून विषाणूला एका पिशवीत ओढून घेते. म्हणजे आत घेते ती पेशीच. या पिशवीतलं वातावरण हळूहळू आम्लधर्मी होत जातं, कारण आत आलेल्या मालाचं विघटन करायची पेशीची रीतच ती. विषाणू याच आम्लाची वाट पाहत असतो. आम्लता ठरावीक पातळीला पोहोचली की एच काटा एकदम आपला आकार बदलतो, त्याचं आत दडलेलं टोक पिशवीच्या पटलात घुसतं आणि विषाणूचं मेदाचं आवरण व पिशवीचं पटल एकजीव होतात. तिथे भोक पडतं आणि आरएनएचे आठ तुकडे पेशीच्या आत मोकळे होतात. विघटनासाठी पेशीनं केलेली तयारीच इथे विषाणूची सुटका करते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान पुन्हा उलटून पाहिलं होतं.

पुढचं काम नक्कल करण्याचं. दुसऱ्याच्या छापखान्यात शिरून, त्याचीच शाई, त्याचाच कागद आणि त्याचेच कामगार वापरून आपली पत्रकं छापून घ्यावीत, तसा हा सगळा मामला आहे. आरएनएचे आठही तुकडे पेशीच्या केंद्रकात जातात. तिथे पेशीचे स्वतःचे संदेश तयार होत असतात. या संदेशांच्या सुरुवातीला एक खास टोक असतं, ते असेल तरच प्रथिनं बनवणारे रायबोसोम संदेश वाचायला घेतात. फ्लूचा विषाणू पेशीच्या संदेशांची ही टोकं कापतो आणि आपल्या संदेशांना जोडतो. रायबोसोमला फरक कळत नाही आणि ते विषाणूची प्रथिनं बनवू लागतात. सहा-आठ तासांत नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर जमतात, पेशीच्याच पटलाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळतात आणि बाहेर पडू पाहतात. इथे एक अडचण येते. पेशीवरच्या ज्या शर्करेला धरून विषाणू आत आला होता, तीच शर्करा आता बाहेर पडणाऱ्यांना चिकटून बसते. मग एन काटा कामाला येतो. तो ही शर्करा कापतो आणि विषाणू सुटतो. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध नेमका हा एन काटा निकामी करतं. नवे विषाणू तयार होतात खरे, पण पेशीलाच चिकटून राहतात. म्हणूनच हे औषध लक्षणं दिसू लागल्यावर पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर जास्त उपयोगी. बहुतेक विषाणू सुटून गेल्यावर त्याला अडवायला फारसं कोणी उरत नाही.

साध्या फ्लूचा विषाणू श्वसनमार्गातच का राहतो, यालाही असंच बारीक कारण आहे. एच काटा तयार होताना अख्खा असतो. एका ठरावीक जागी त्याचे दोन भाग झाल्याशिवाय तो आकार बदलू शकत नाही. हे दोन भाग करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या श्वसनमार्गात असतं, बहुतेक इतर अवयवांत नसतं. एच5 आणि एच7 जातीच्या काही घातक बर्ड फ्लूंमध्ये मात्र ही जागा अशी बदललेली असते की शरीरात सगळीकडे आढळणारी विकरंही ती कापू शकतात. मग पक्ष्याच्या साऱ्या अंगात विषाणू पसरतो आणि कोंबड्या पटापट मरतात. हा बर्ड फ्लू माणसामाणसांत सहज पसरत नाही, कारण पक्ष्यांच्या विषाणूला हवी असलेली सायॅलिक आम्लाची जोडणी आपल्या घशात आणि श्वासनलिकेत फारशी नसते, ती फुप्फुसात खोलवर असते. विषाणू तिथे पोहोचला तर माणूस गंभीर आजारी पडतो, पण इतक्या खोलातून तो शिंकेवाटे बाहेर सहज येत नाही.

नक्कल करताना चुका होतात. आरएनए विषाणूंची नक्कल करणारी विकरं धांदरट असतात, झालेली चूक तपासत नाहीत. करोनाच्या कुळातले विषाणू अपवाद, त्यांच्याकडे थोडीफार तपासणीची सोय आहे. या चुकांमुळे बरेच विषाणू निकामी निघतात. एखाद्याचा मात्र काटा किंचित बदलतो आणि गेल्या वर्षी तयार झालेल्या आपल्या प्रतिपिंडांना, म्हणजे अँटिबॉडींना, तो ओळखू येत नाही. विषाणू हे ठरवून करत नाही, हे सांगायला हवं. ‘विषाणूनं स्वतःला बदललं’ असं बातम्यांत वाचलं की माझा जीव खालीवर होतो. बदल आंधळे असतात, त्यातले पसरायला सोयीचे तेवढे टिकतात. फ्लूला आणखी एक रस्ता आहे. दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत शिरले तर त्यांच्या आठ-आठ तुकड्यांची सरमिसळ होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. 1957, 1968 आणि 2009 च्या जागतिक साथी अशा सरमिसळीतून आल्या.

सगळेच विषाणू घाईत नसतात. एचआयव्ही आपल्या आरएनएची डीएनए प्रत बनवून ती पेशीच्या डीएनएतच जोडून टाकतो. कांजिण्यांचा विषाणू पुरळ बरं झाल्यावरही मज्जातंतूंच्या गाठींत मुकाट पडून राहतो आणि पन्नास वर्षांनी नागीण होऊन वर येऊ शकतो. त्या नागिणीच्या फोडांतून ज्याला कांजिण्या कधी झालेल्या नाहीत अशा मुलाला कांजिण्या होतात. आजोबांच्या लहानपणचा विषाणू नातवापर्यंत पोहोचायचा हा मार्ग.

पेशी काही निमूट बसत नाही. आत परका आरएनए सापडला की ती इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होऊन आपलं प्रथिनं बनवण्याचं काम मंदावतात. 1957 साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी याचा शोध लावला. ताप, अंगदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं, फ्लूची ही सगळी नकोशी लक्षणं बरीचशी इंटरफेरॉन आणि त्याच्यासारख्या संदेशवाहकांची करणी असते, म्हणजे आपल्याच बचावाची. पुढे टी-पेशी लागण झालेल्या पेशी हुडकून मारतात आणि प्रतिपिंडं मोकळ्या विषाणूंना पकडतात, पण अनोळखी विषाणूविरुद्ध ही फौज उभी राहायला आठवडाभर तरी लागतो. अँटिबायोटिक्सचा या सगळ्यात काही संबंध नाही. ती जीवाणूंच्या पेशीभित्तिकेवर किंवा त्यांच्या रायबोसोमवर घाव घालतात, विषाणूकडे या दोन्ही गोष्टी नाहीत. तरीही सर्दीला अँटिबायोटिक मागणारे आणि देणारे दोघंही मुबलक आहेत.

आता बाहेर पडण्याकडे वळू. माझ्या मते सगळ्यात थक्क करणारा मार्ग गोवराचा आहे. गोवर श्वासातून येतो, पण आल्या आल्या श्वसनमार्गाच्या अस्तरात शिरत नाही. तो आधी फुप्फुसातल्या रोगप्रतिकारक पेशींना धरतो, कारण त्याचा पहिला रिसेप्टर त्यांच्यावर असतो. या पेशी त्याला लसिकाग्रंथींत नेतात, तिथे तो वाढतो आणि रक्तातून सगळीकडे जातो. मग श्वासनलिकेच्या अस्तराला आतल्या बाजूनं भिडतो. तिथे नेक्टिन-4 नावाचा त्याचा दुसरा रिसेप्टर असतो, तोही पेशीच्या आतल्या अंगालाच. 2011 मध्ये त्याचा छडा लागला. त्यातून शिरलेला विषाणू पेशीच्या दुसऱ्या बाजूनं थेट श्वासनलिकेच्या पोकळीत सुटतो, आणि नेमका तेव्हाच खोकला सुरू असतो. गोवराइतका संसर्गजन्य रोग क्वचितच सापडतो, त्याचं एक मोठं कारण हे. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथली हवा लागण करू शकते. शिवाय ज्या पेशींत गोवर आधी वाढतो त्यांतच जुन्या रोगांची आठवण साठवलेली असते, त्यामुळे गोवर होऊन गेलेल्या मुलांची इतर रोगांविरुद्धची कमावलेली प्रतिकारशक्तीही घटते.

रेबीजचा रस्ता याच्या अगदी उलट, संथ. चावा घेतलेल्या जागी लाळेतून आलेला विषाणू स्नायूत, मग मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकू लागतो. याला सहसा एक ते तीन महिने लागतात. याच उसंतीमुळे चावल्यानंतर दिलेली लस काम करते. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चरनं नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचायला सुरुवात केली ती चावे बसल्यानंतरच. विषाणू मेंदूत पोहोचून लक्षणं दिसू लागली की मात्र जवळजवळ कोणीच वाचत नाही, म्हणून चावल्या चावल्या जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. मेंदूतून विषाणू परत मज्जातंतूंवाटे लाळग्रंथींत उतरतो. त्याच सुमारास जनावर पिसाळतं, गिळता येत नसल्यानं तोंडातून लाळ गळते, आणि ते दिसेल त्याला चावतं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा असं सांगतात ते यामुळेच. लाळेत विषाणू आला असेल तर कुत्रा त्या मुदतीत आजारी पडून मरतो. उपचार मात्र तेवढे दिवस थांबवायचे नसतात.

डासांच्या बाबतीत एक शंका नेहमी ऐकू येते: डास डेंग्यू पसरवतो, मग एचआयव्ही का नाही? डास म्हणजे काही वापरलेली सुई नव्हे. तो रक्त ओढतो एका नळीतून आणि लाळ सोडतो दुसऱ्या नळीतून. प्यायलेलं रक्त तो पुढच्या माणसात ओतत नाही. डेंग्यूचा विषाणू डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरतो, वाढतो आणि साधारण आठ-बारा दिवसांनी त्याच्या लाळग्रंथींत पोहोचतो. तिथून पुढे त्या डासाचा प्रत्येक दंश धोक्याचा. एचआयव्हीला डासाच्या पेशींत शिरताच येत नाही, तो रक्ताबरोबर पचून जातो.

पोटाचे विषाणू वेगळ्या घडणीचे. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, पोलिओ, हिपॅटायटिस ए या कोणालाच मेदाचं आवरण नाही. आवरण नाही म्हणजे दुबळे, असा समज होईल, पण गोष्ट उलटी आहे. मेदाचं आवरण साबणानं फाटतं, सुकल्यावर बिघडतं. प्रथिनांचं नुसतं कवच जठरातल्या आम्लातून तरतं आणि दाराच्या कडीवर दिवसेंदिवस टिकतं. साबण फ्लूचा, करोनाचा विषाणू मोडून टाकतो. नोरोव्हायरसला तो मोडत नाही, फक्त हातावरून सोडवतो आणि पाणी त्याला वाहून नेतं, म्हणून तिथे चोळणं आणि धुणं महत्त्वाचं. नुसतं अल्कोहोलचं सॅनिटायझर लावून या विषाणूच्या बाबतीत निर्धास्त होऊ नये. नोरोव्हायरसचे शंभराहून कमी कणही आजारी पाडायला पुरतात, आणि रोग्याच्या एक ग्रॅम विष्ठेत ते अब्जावधी असू शकतात.

हवेतून पसरण्याबद्दल बराच घोळ झाला, तो 2020 मध्ये सगळ्यांनी पाहिला. खोकताना मोठे थेंब उडतात, ते एक-दोन मीटरमध्ये खाली पडतात. पण बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही बारीक कण निघतात आणि ते हवेत तरंगत राहतात. विल्यम वेल्स यांनी 1934 मध्येच दाखवलं होतं की लहान थेंब जमिनीवर पडण्याआधीच सुकतात आणि उरलेला कण तरंगतो. तरीही कोविडच्या सुरुवातीला सारा भर अंतर राखण्यावर आणि वस्तू पुसण्यावर होता. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. 61 जण हजर होते. त्यांतल्या 53 जणांना कोविड झाल्याचं निश्चित झालं किंवा तशी दाट शक्यता निघाली, दोघं दगावले. बंद खोली, जोरजोरात गाणं आणि लागण झालेला एक माणूस, एवढंच पुरलं.

पसरण्यात वेळेचा भाग लोकांच्या ध्यानात कमी येतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ वेगळा, आणि लागण झाल्यापासून दुसऱ्याला रोग देऊ लागेपर्यंतचा काळ वेगळा. यांतला कोणता आधी संपतो त्यावर साथ आवाक्यात येणार की नाही हे ठरतं. 2003 च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत 8,098 जणांना लागण झाली, 774 जण गेले. विषाणू भयंकर होता, पण रोगी सर्वांत जास्त संसर्गजन्य व्हायचा तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे अंथरुणाला खिळल्यावर. ताप असलेल्यांना शोधा, वेगळं ठेवा, एवढ्यावर ती साथ काही महिन्यांत संपली. कोविडचा विषाणू त्याचाच भाऊबंद, रिसेप्टरही तोच. पण हा घशात-नाकात भरभर वाढतो आणि लक्षणं सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच बाहेर पडू लागतो. ज्याला आपण आजारी आहोत हे माहीतच नाही, त्याला वेगळं कसं ठेवणार?

लागणीची ही वेळापत्रकं मोजायला विषाणू दिसावाच लागतो असं नाही. 1846 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवर आला. तिथे याआधी गोवर येऊन गेला होता 1781 मध्ये, मधली 65 वर्षं कोरी. सुमारे 7,800 लोकांपैकी सुमारे 6,000 जण आजारी पडले. डेन्मार्क सरकारनं पीटर पानुम या पंचविशीतल्या डॉक्टरला तिकडे धाडलं. बेटांवरची गावं एकमेकांपासून तुटलेली, ये-जा होडीनं, तीही हवामान बरं असेल तेव्हा. त्यामुळे कोण, कोणाला, कोणत्या दिवशी भेटलं हे लोकांना नेमकं आठवत असे. एका गावातले दहा जण 4 जूनला दुसरीकडे देवमाशांच्या शिकारीला गेले होते. 18 जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी गावातल्या जवळपास सगळ्या उरलेल्यांना. पानुमनं गावोगाव असेच दिवस मोजले आणि लागण ते पुरळ हे अंतर तेरा-चौदा दिवसांचं ठरवलं. 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेले म्हातारे अजून हयात होते. त्यांच्यापैकी कोणालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. पण त्या साथीतून सुटलेल्या म्हाताऱ्यांना आता झाला. म्हणजे वयानं संरक्षण मिळत नाही, मधे पासष्ट वर्षं गेली तरी एकदा झालेल्या रोगाचं संरक्षण उरतं. विषाणू हा शब्दही आजच्या अर्थानं रुळला नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

साथीचं गणित मांडताना एक आकडा पुढे येतो: कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रोगी सरासरी किती जणांना लागण देतो. गोवरासाठी तो 12 ते 18 धरतात. हा आकडा 2 असेल तर एका रोग्यापासून सुरू होऊन दहाव्या पिढीत, म्हणजे लागणीच्या दहाव्या फेरीत, 1,024 नवे रोगी, 1.3 असेल तर सुमारे 14. आणि 0.8 वर आणला तर शंभर रोग्यांपासून सुरू झालेली साखळी दहाव्या पिढीत अकराच्या आसपास येऊन विझत जाते. म्हणून कुठलाही उपाय शंभर टक्के चालायची गरज नसते, आकडा 1 च्या खाली गेला की झालं. लसीचं प्रमाणही यातूनच निघतं. एकजण 15 जणांना देणार असेल, तर त्यातले 14 जण आधीच सुरक्षित हवेत, म्हणजे 93 टक्क्यांहून जास्त. गोवराच्या लसीकरणात 95 टक्क्यांचा आग्रह धरतात तो उगीच नाही. मात्र हा आकडा सरासरीचा आहे आणि सरासरी फसवते. सार्स आणि कोविडमध्ये बहुतेक रोग्यांनी कोणालाच लागण दिली नाही, आणि थोड्यांनी डझनावारी दिली, त्या गायकवृंदात झालं तसं.

देवीचा रोग 8 मे 1980 रोजी जगातून गेल्याचं जाहीर झालं. चांगली लस हाताशी होतीच, पण विषाणूची घडणही माणसाच्या पथ्यावर पडली. देवीचा विषाणू माणसाशिवाय कुठल्या प्राण्यात राहत नव्हता. पुरळ चेहऱ्यावर, हातांवर, कोणालाही ओळखू येईल असं. आणि ताप-पुरळ येण्याआधी रोगी फारसा संसर्गजन्य नसे. एक रोगी सापडला की त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना लस टोचायची, एवढ्यानं साखळी तुटत असे. फ्लूच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट नाही. लक्षणांच्या आदल्या दिवशीच तो पसरू लागतो, सर्दीपासून त्याला वेगळं ओळखता येत नाही, आणि त्याचं मूळ घर रानटी बदकं आणि इतर पाणपक्ष्यांत आहे. त्यांच्या आतड्यात तो त्यांना फारसा त्रास न देता वाढतो आणि विष्ठेतून पाण्यात उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते फ्लू घ्यायचे ते ठरवतात. लस तयार व्हायला सहा महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत एखाद्या वर्षी एच काटा पुन्हा बदललेला असतो.